सांबरशिंगांची मोजदाद

सांबरशिंग हा पदार्थ महाराष्ट्रांतील जुन्या घराण्यांस अपरिचित नाहीं. मुलाच्या छातींत कफ दाटला, अगर कोणाची बरगडी दुखूं लागली, म्हणजे आजीबाईच्या बटव्यांतून शिंगाचा एक तुकडा निघे, सहाणेवर उगाळला जाई, आणि त्याचा कोमट लेप दुखऱ्या जागीं लागे. वैद्य त्याच शिंगाचें भस्म करून मधांतून देत. या व्यवहारांत तें शिंग मुळांत किती लांब होतें, त्यास फांटे किती होते, उजवें डाव्याशीं जुळत होतें कीं नाहीं, हा विचार कोणाच्या मनांत येण्याचें कारणच नव्हतें. परंतु याच शिंगाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टि गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांत जगभर रूढ झाली. ती हातांत पोलादी फीत घेऊन येते, इंचाचे आठ भाग करते आणि शेवटीं एक आंकडा लिहून ठेवते. त्या आंकड्यानें नेमकें काय मोजलें, आणि काय मोजावयाचें राहून गेलें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घाटकोपरासारख्या गजबजलेल्या उपनगरांत बसून असा विषय काढणें कांहींसें चमत्कारिक दिसेल. असल्फ्याच्या टेकडीवर आज झाडांपेक्षां घरांचीच दाटी अधिक आहे. तथापि येथून उत्तरेस दोन कोसांच्या आंतबाहेर विहारचा तलाव आहे, त्यापलीकडे तुळशीचा, आणि त्यांच्या भोंवतीं जें रान शिल्लक आहे त्यांत सांबर व चितळ अद्यापि चरत आहेत. दुसरें असें कीं, हिंदुस्थानांतील रानटी जनावरांच्या मापांच्या नोंदी ज्या एका संस्थेनें पिढ्यान्‌पिढ्या छापल्या, ती संस्था मुंबईंतच जन्मली, आणि तिच्या जन्मवेळीं दोन मराठी गृहस्थ हजर होते. तेव्हां हा विषय आपल्या दाराशींच आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मोजदादीकडे वळण्यापूर्वीं मोजावयाची वस्तु काय आहे तें पाहूं. आपल्या भाषेंत गाईचें तें शिंग, काळविटाचें तें शिंग, आणि सांबराचेंहि शिंगच. वस्तुतः हे दोन अगदीं भिन्न पदार्थ होत. गाय, बकरी, काळवीट यांचें शिंग म्हणजे हाडाच्या खुंटीवर नखाच्या जातीच्या द्रव्याचें बसलेलें पोकळ टोपण. तें जन्मभर वाढतें व कधीं गळत नाहीं. सांबर, चितळ, बारशिंगा व भेकर यांचें शिंग आंतबाहेर भरीव हाड असतें, बहुतेक नरांनाच येतें, आणि ठराविक मुदतीनें गळून पडतें. गळल्यावर त्याच जागीं नवा कोंब फुटतो. त्यावर मखमलीसारखी लवदार कातडी असते, तींतून रक्त खेळतें, आणि कांहीं महिन्यांतच हातभर लांबीचें हाड तयार होतें. सस्तन प्राण्यांच्या शरीरांत याहून वेगानें वाढणारें दुसरें हाड नाहीं. वाढ पुरी झाली म्हणजे रक्त आटतें, कातडी सुकते, आणि नर तें शिंग झाडाच्या बुंध्यावर घांसून स्वच्छ करतो. मध्य हिंदुस्थानांतील सांबरें सामान्यतः उन्हाळ्याच्या तोंडीं शिंगें टाकतात, पावसाळ्यांत नवीं वाढवितात, आणि थंडींत, माजाच्या दिवसांत, तीं मिरवितात. कांहीं सांबरें एखादें वर्ष चुकवितात. चितळांना तर असा पक्का हंगामहि नसतो.

यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, फांटे मोजून सांबराचें वय सांगतां येत नाहीं. पूर्ण वाढलेल्या सांबराच्या व चितळाच्या प्रत्येक शिंगास नियमानें तीन टोंकें असतात. चार वर्षांचा नर असो कीं दहा वर्षांचा, संख्या तीच. लांबी व जाडी कांहीं वर्षें वाढते, आणि म्हातारपणीं पुन्हां उतरते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शिंग चांगलें निघण्यास वय लागतें, आनुवंशिक गुण लागतो, आणि मुख्यतः चारा व त्यांतील क्षार लागतात. हाडांतला चुना रानांतूनच यावयाचा. म्हणून शिंग ही एका जनावराची मालमत्ता असली, तरी तिच्यांत त्या रानाची बरी-वाईट स्थिति उतरलेली असते. मोजणाऱ्यास यांतून पुष्कळ शिकतां आलें असतें.

आतां मुंबईकडे येऊं. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्यूझियममध्यें, म्हणजे ज्यास १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे त्या वास्तूंत, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांतील डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थनासमाजाचे संस्थापक म्हणून, आणि डॉ. सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार व डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून, आमच्या वाचकांस ठाऊक असतीलच. उरलेले सहा युरोपियन होते. त्यांच्यांत ई. एच्. एट्‌किन हे जकात व मीठ खात्यांतील अधिकारी होते. त्यांचा जन्म साताऱ्याचा. मंडळीचा हेतु साधा होता: मधून मधून जमावें, पाहिलेलें एकमेकांस सांगावें, मिळालेले नमुने दाखवावे. १८८६ सालीं संस्थेचें नियतकालिक निघूं लागलें. एट्‌किन यांच्या जोडीला त्याचे संपादक आर. ए. स्टर्नडेल होते, हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १८८४ चा.

या नियतकालिकास मजकूर कोण पुरविणार? जंगलखात्याचे अधिकारी, पलटणींतले कप्तान, जिल्ह्याजिल्ह्यांतले कलेक्टर. म्हणजे ज्यांच्या हातीं बंदूक होती तेच. त्यामुळें पक्षी, सर्प व फुलपांखरें यांच्यावरील अभ्यासपूर्ण लेखांच्या शेजारीं अमुक रानांत मारलेल्या सांबराच्या शिंगांचीं मापें देणारीं टिपणें वारंवार येत. शास्त्र आणि शिकार यांचा संसार त्या काळीं एकाच घरांत चालला होता.

या मापांस एक बाजारपेठहि होती. लंडन शहरीं पिकॅडिलीमध्यें रोलंड वॉर्ड नांवाच्या गृहस्थाचें मेलेलीं जनावरें भरून देण्याचें दुकान होतें. साऱ्या साम्राज्यांतील शिकारी आपलीं मुंडकीं त्याच्याकडे धाडीत. त्यानें १८९२ सालीं जगांतील मोठ्या शिकारीच्या शिंगांचीं मापें व वजनें यांचें एक पुस्तक काढलें, आणि तें शिकारी व निसर्गशास्त्रज्ञ या दोघांच्या उपयोगासाठीं असल्याचें ग्रंथनामांतच जाहीर केलें. पुढें त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्या पुस्तकांत आपलें नांव छापून येणें ही शिकाऱ्यास पदवीसारखी वाटे. सांबराच्या बाबतींत चाळीस इंच ही मर्यादा ओलांडण्याचा ध्यास तर कित्येकांस जन्मभर पुरला.

वॉर्डची रीत सोपी होती. शिंग कवटीवरच्या खुंटीवर जेथें बसतें, तेथें त्यास खडबडीत कंगोरा असतो. त्या कंगोऱ्याच्या खालच्या कडेपासून फीत धरावयाची, आणि शिंगाच्या बाहेरच्या वांकणावरून सर्वांत लांब टोंकापर्यंत न्यावयाची, ही लांबी. मग खालचा फांटा व वरचा फांटा यांच्यामधील जाडीचा घेर. मग दोन्ही शिंगांमधील आंतलें सर्वांत मोठें अंतर, आणि एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंतचें अंतर. टोंकांची संख्या. शेवटीं दोन रकाने: शिंग कोठलें, आणि मालक कोण. हा मालक शब्द लक्षांत घेण्याजोगा आहे. शिंग ज्याच्या भिंतीवर, त्याचें नांव पुस्तकांत. तें त्यानें स्वतः मारलें, सासऱ्याकडून मिळविलें, कीं बाजारांत विकत घेतलें, हें नांवावरून कळण्याचा मार्ग नव्हता.

जेथें मान आहे तेथें लबाडीहि यावयाचीच. फीत गुळगुळीत वांकणावरून न नेतां प्रत्येक खांचेंत दाबीत नेली, तर शिंग अर्धा-पाऊण इंच वाढतें. ताजें शिंग ओलें असतें आणि सुकल्यावर किंचित् आकसतें. म्हणून मोजण्याची घाई करणाऱ्याचा फायदा होतो. सर्वांत धीट युक्ति कवटीची. कवटी मधोमध चिरून दोन भाग थोडे दूर बसविले, कीं शिंगांचें अंतर हवें तेवढें रुंद होतें. या युक्त्यांस आळा घालण्यासाठीं नियम कडक करावे लागले. मोजमापाच्या शास्त्राचा बराच भाग मोजणाऱ्याच्या मोहास बांध घालण्यांत खर्च होतो, हें येथेंहि दिसून येतें.

नियमांची परिसीमा अमेरिकेंत झाली. तेथें १८८७ सालीं, पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकारानें बून अँड क्रॉकेट क्लब निघाला. त्यानें १९३२ सालीं नोंदींचें पहिलें पुस्तक छापलें, आणि १९५० सालीं गुण देण्याची एक पद्धति ठरविली. तीच तेथें अद्यापि प्रमाण आहे. या पद्धतींत शिंग निदान साठ दिवस सुकूं द्यावें लागतें. मग प्रत्येक मुख्य दांड्याची लांबी, प्रत्येक फांट्याची लांबी, दांड्यावर चार ठिकाणीं घेर, आणि आंतली रुंदी, हें सर्व इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून त्याची बेरीज करतात. नंतर उजव्या-डाव्या शिंगांत जेवढा फरक असेल तेवढा वजा करतात. म्हणजे थोरपणाबरोबर समतोलासहि किंमत आहे. एका बाजूस जास्त फुटलेला फांटा तेथें भूषण नसून दूषण ठरतो. कवटी चिरलेली असेल तर तें शिंग नोंदीसच अपात्र.

युरोप खंडांत याहून निराळी आवड दिसते. हंगेरीच्या हर्बर्ट नाडलर यांनीं तांबड्या हरिणाच्या शिंगांसाठीं एक सूत्र बसविलें. त्यांत लांबी, घेर, रुंदी व टोंकांची संख्या हीं आहेतच. शिवाय शिंगांचें वजन आहे, आणि रंग, पृष्ठभागावरचे मोत्यांसारखे दाणे, टोंकांची पांढरी चमक व माथ्यावरच्या मुकुटाची शोभा यांस सौंदर्याचे वेगळे गुण आहेत. बेरजेप्रमाणें सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य पदक. १९३७ सालीं बर्लिन येथें शिकारीचें मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें, त्यावेळीं जर्मनीच्या शिकारखात्याचा अधिपति हेर्मान गोअरिंग होता. तेथें राष्ट्रेंच्या राष्ट्रें आपआपल्या शिंगांचे गुण मांडून बसलीं होतीं. हरिणाच्या डोक्यावरचें हाड राष्ट्राभिमानाचें माप होऊं शकतें, हें पाहून हंसावें कीं सचिंत व्हावें, हें वाचकांनीं ठरवावें.

सारांश, इंग्रजानें लांबी पाहिली, अमेरिकनानें समतोल पाहिला, मध्य युरोपानें वजन व शोभा पाहिली. शिंग तेंच, पण कोणतें शिंग श्रेष्ठ, याचें उत्तर तिघांचें तीन. यावरून उघड होतें कीं, गुणांचा आंकडा शिंगांत नसतो. तो मोजणाऱ्याच्या आवडीनें शिंगांत घातलेला असतो.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. या सर्व पद्धतींनीं जें मोजलें तें सर्वांत मोठें शिंग. मोठ्या शिंगांची यादी कितीहि लांब केली, तरी तीवरून रानांत सांबरें किती उरलीं हें कळत नाहीं. मागच्या वर्षीं पन्नास होतीं, यंदा पांच आहेत, आणि त्या पांचांतच एखादा चाळीस इंची नर निघाला, तर नोंदींचें पुस्तक आनंदच मानणार. ग्रंथनामांत निसर्गशास्त्रज्ञाचें नांव होतें खरें. पण त्याला हवा असलेला रकाना, म्हणजे कळपांत एकंदर जनावरें किती, माद्या किती, पाडसें किती, हा त्या पुस्तकांत कधींच नव्हता.

ही चूक किती महाग पडली याचें उदाहरण आपल्या सीमेपलीकडे, मंडला व बालाघाट भागांतल्या कान्ह्याच्या माळांवर सांपडतें. जुन्या मध्यप्रांतांतील बारशिंगा हें शिकाऱ्यांचें लाडकें जनावर. दहा, बारा, त्याहूनहि अधिक टोंकांचीं त्याचीं शिंगें दिवाणखान्यांत मोठ्या डौलानें टांगलीं गेलीं. १९५५ सालीं कान्हा राष्ट्रीय उद्यान झालें. आणि १९७० सालीं तेथील बारशिंग्यांची गणती झाली तेव्हां तीं अवघीं सहासष्ट भरलीं. कडक जमिनीवर राहणाऱ्या या जातीचा जगांतला आधार तेवढाच उरला होता. कुरणें राखून, कुंपणांत वीण वाढवून, पुढील दशकांत ती संख्या शेंकड्यांवर नेण्यांत आली. ज्या मोजणीनें बारशिंगा वांचला, ती डोक्यांची मोजणी होती, शिंगांची नव्हे.

शिकाऱ्यांस अन्याय होऊं नये म्हणून दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. रानें ओस पडत आहेत हें प्रथम ज्यांस जाणवलें, त्यांत फीत बाळगणारेच पुष्कळ होते, कारण वर्षानुवर्षें त्याच रानांत जाणारे तेच. अमेरिकेंत विल्यम हॉर्नडे यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं शिंगांचा राष्ट्रीय संग्रह जमविला, तो नाहींशा होत चाललेल्या जनावरांचें स्मारक म्हणून. आपल्याकडे १९१२ सालीं पक्षी व पशु यांच्या संरक्षणाचा कायदा झाला व विणीच्या हंगामांत शिकार बंद ठेवण्याची तरतूद आली. मुंबईच्या सोसायटीनें १९३३ सालीं आपला सुवर्णमहोत्सव केला, त्या सुमारास तिचे क्यूरेटर एस्. एच्. प्रेटर यांनीं हिंदुस्थानांतील वन्य पशु व त्यांच्या रक्षणाचा प्रश्न हाच विषय हातीं घेतला. ज्या संस्थेच्या नियतकालिकानें पन्नास वर्षें मापें छापलीं, तिनेंच आतां बंदूक आवरा असें म्हणावें, हें त्या मापांचें एक अनपेक्षित फळ होय. शिवाय वॉर्डच्या पुस्तकांतील स्थानाचा रकाना अगदींच फुकट गेला नाहीं. कोणत्या भागांत कोणतें जनावर एके काळीं होतें, याचा तो आज एक पुरावा आहे.

मोठें शिंग निवडून मारण्याचा परिणाम पुढच्या पिढ्यांवर होतो काय, हाहि प्रश्न शास्त्रज्ञांनीं तपासला आहे. कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांत एका डोंगरावरील रानमेंढ्यांवर तीस वर्षें नजर ठेवून केलेला अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध झाला. मोठ्या शिंगांचे नर सतत मारले गेल्यामुळें तेथील मेंढ्यांचीं शिंगें पिढीगणिक लहान होत गेलीं, असें त्याचें अनुमान होतें. तो परिणाम किती मोठा, याविषयीं पुढें वाद झाला. आणि मेंढ्याचें शिंग पोकळ जातीचें, सांबराचें नव्हे. तरी विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, उत्तमाची निवड करणारी फीत उत्तमाचेंच बीं कमी करीत असण्याचा संभव आहे.

साष्टीच्या रानाची कथा यापेक्षां निराळी आहे. १८६० सालीं विहारचा तलाव बांधून झाला, १८७९ सालीं तुळशीचा. मुंबईस पिण्याचें पाणी स्वच्छ मिळावें म्हणून त्यांच्या भोंवतालचे डोंगर राखले गेले. शिकार तेथेंहि चालेच. १९२९ सालीं विहारच्या परिसरांत एक वाघ मारला गेला, आणि साष्टींतील वाघाची गोष्ट तेथेंच सरली. पण सांबर व चितळ टिकले. कोणी त्यांच्यावर दया केली म्हणून नव्हे, तर शहराला तहान होती म्हणून रान राहिलें, आणि रान राहिलें म्हणून हरिण राहिलें. घाटकोपरांत जीवदयेचें काम करणारी सार्वजनिक संस्था फार वर्षांपासून आहे, व तिच्याविषयीं आम्हांस आदर आहे. पण रानटी जनावरास चाऱ्याची पेंढी किंवा पांजरपोळ उपयोगी पडत नाहीं. त्याला मोकळी जमीन लागते. आज मुलुंड, भांडुप, पवई व बोरिवली यांच्या मध्यें सुमारें शंभर चौरस किलोमीटरांचें तें राष्ट्रीय उद्यान चोहोंकडून वस्तीनें वेढलेलें आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें भिंतीवरच्या शिंगांचा हिशेबहि बदलला. ज्यांच्या घरीं वाडवडिलांचीं शिंगें होतीं त्यांस तीं जाहीर करून मालकीचा दाखला घ्यावा लागला. पूर्वीं गळलेल्या शिंगांचा, सुऱ्यांच्या मुठी व बटणें यांसाठीं, देशांत मोठा व्यापार चाले. आतां उद्यानांतून पडलेलें शिंग उचलून आणणें हाहि गुन्हा आहे. आमच्या कित्येक मित्रांस हा नियम जाचक वाटतो. जनावरानें टाकून दिलेली वस्तु घेण्यांत कोणाचें काय बिघडतें, असें ते विचारतात. त्याचीं उत्तरें दोन. एक तर गळलेलें व कापलेलें शिंग बाजारांत गेल्यावर वेगळें राहत नाहीं. एकाच्या आडून दुसरें खपतें. दुसरें असें कीं, तें शिंग कोणी टाकून दिलेलेंच नसतें. साळिंदर तें कुरतडतें, उंदीर-घुशी तें खातात, उरलेलें पावसानें मातींत मुरतें. रानानें उसना दिलेला चुना रानास परत जातो, आणि पुढच्या वर्षींच्या चाऱ्यांत उतरतो.

शिंगांच्या मोजदादीचा इतिहास येथें आमच्या मतें पुरा होतो. शिकारी ज्या हाडासाठीं जीव घेत होता, तें हाड सांबर दर उन्हाळ्यांत आपणहून भुईवर ठेवून जात होतें. लांबी मोजण्याची हौस असलेल्यास फक्त कांहीं महिने थांबावयाचें होतें. आतां बंदूक गेली आहे, फीत मात्र टाकून देण्याचें कारण नाहीं. रानरक्षकानें पडलेलें शिंग जागच्या जागीं मोजावें, तारीख व ठिकाण लिहावें, आणि तें तसेंच पडूं द्यावें. अशा नोंदी वर्षानुवर्षें एकत्र केल्या, तर विहार-तुळशीच्या रानांत चारा सुधारत आहे कीं बिघडत आहे, याचा एक अंदाज त्यांतून निघेल. त्या वहींत सर्वांत मोठ्या शिंगाबरोबर सर्वांत लहान शिंगहि लिहावें लागेल, आणि मालकाच्या रकान्याची मुळींच गरज पडणार नाहीं.